काहूनवाली पोट्टी

फळ्यावर मी लिहिलं, प्रकाश सरळ रेषेत जातो. खडू खाली ठेवते न ठेवते तोच शेवटच्या बाकावरून आवाज आला, "काहून?"

सगळा वर्ग हसला. अमरावतीत मी घरीच अकरावी-बारावीच्या मुलांचा फिजिक्सचा क्लास घेते. इथली मुलं एकच प्रश्न विचारतात, हे परीक्षेला येते का. काहून विचारणारं तोवर मला कोणी भेटलं नव्हतं. चष्मा वर करून पाहिलं तर दोन वेण्या, दातांना तारा आणि चेहरा असा गंभीर, की चेष्टा करते म्हणून रागवायचीही सोय नाही. उभी राहा म्हटलं. उभी राहिली आणि म्हणाली, "खरंच इचारून राहिली मॅडम. वाकडा जायले कोनं मना केलं त्याले?" आता काय सांगणार, कपाळ! तो तास त्यातच गेला.

रेवती तिचं नाव. भातकुलीची. फीच्या पावतीपासून माझ्या पांढऱ्या केसांपर्यंत तिला सगळ्याचं काहून लागायचं. शाळेत मराठीच्या बाईंनी तिला पुष्कळदा बजावलं होतं, काहून नाही, का म्हणावं. हिनं ते मनावर घेतलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "का म्हटलं तं इचारल्यासारखंच वाटत नाई मॅडम. काहून म्हटलं का समोरच्याले सांगाच लागते." मला ते पटलं. मी स्वतः अकोल्याच्या जुन्या शहरातली. लग्न होऊन अमरावतीत आले, पुस्तकी बोलायला शिकले, पण चिडले की माझ्याही तोंडून काहूनच निघतं.

तिचे वडील, वसंतभाऊ, भातकुली-अमरावती काळीपिवळी चालवायचे. गाडी भरली की निघालीच, मग त्यात पोरगी असो नसो. इकडे हिचे प्रश्न संपायचे नाहीत, आणि ही धावत नाक्यावर पोचेपर्यंत बाप हॉर्न वाजवत निघून गेलेला. मग परत माझ्या व्हरांड्यात येऊन बसायची, त्यांची पुढची फेरी होईपर्यंत. माझा चहा प्यायची आणि माझ्याच बिस्किटांच्या डब्यावर ताल धरून बापाला शिव्या घालायची. तेच ते गाणं.

"गेली गेली, काहून गेली,
मले टाकून काहून गेली,
हॉर्न वाजवून गेली व माय, हॉर्न वाजवून गेली."

आवाज असा स्वच्छ, की शेजारच्या बाया गच्चीवरून डोकावायच्या. वर्गातल्या एका मुलीनं ते मोबाइलवर घेतलं आणि नेटवर टाकलं. मागे दोरीवर माझी मॅक्सी वाळत होती. पाहता पाहता साऱ्या महाराष्ट्रानं माझी मॅक्सी पाहिली. भाजीवाला मला विचारू लागला, तुमीच का त्या?

पुढचं सगळं इतकं भराभर झालं, की मला ते खरं वाटेना. मुंबईची एक गाण्याची कंपनी भातकुलीत येऊन ठेपली. रेवतीचा मामा रातोरात मॅनेजर झाला. तारा निघाल्या, वेण्या गेल्या, राजकमल चौकात पोरीचा पुरुषभर उंच फोटो लागला. वसंतभाऊंनी काळीपिवळीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, काहून. आता ते प्रवाशांना सांगत, ते गानं माह्यावरच हाय, मीच तो टाकून जानारा. इतका आनंदी माणूस मी त्या रस्त्यावर दुसरा पाहिला नाही.

पोरगी मात्र मिटत चालली. जिथं जाईल तिथं लोक तोंडावर काहून फेकायचे आणि हसायचे. सूत्रसंचालक तिला आधी काहून म्हणायला लावायचे, मग नाव विचारायचे. कंपनीनं दुसरं एक हळू गाणं तिच्याकडून गाऊन घेतलं, ते कोणी ऐकलंच नाही. मध्ये एकदा ती माझ्याकडे आली तेव्हा चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. आमच्याकडे उन्हासाठी सगळ्याच मुली बांधतात, पण हिनं घरात आल्यावरही सोडला नाही. म्हणाली, मॅडम, मी खरंच काही इचारलं तरी लोक हासतात.

आणि मग वसंतभाऊ गेले. गाडी नाक्यावर लावली, स्टेअरिंगवर डोकं टेकलं, ते उचललंच नाही.

मी भातकुलीला पोचले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रेवती मुंबईहून आली होती. दगडासारखी बसली होती, रडत नव्हती. तिरडी उचलली तशी ती धावली आणि तिच्या तोंडून निघालं, "बाबा, मले टाकून काहून गेले!"

आमच्या वऱ्हाडात बाया अशाच रडतात. माझे वडील गेले तेव्हा आईही ह्याच शब्दांनी रडली होती. हे कोणी शिकवत नाही, ते आतून येतं. पोरीनं थट्टेच्या गाण्यात घातलेले शब्द मुळात रडण्याचेच होते, ते आज आपल्या जागी परत आले होते.

पण लोकांना ते गाणं वाटलं! माझ्या डोळ्यांदेखत मोबाइल वर झाले. मागून कोणाच्या तरी तोंडून पुढची ओळ निघाली, हॉर्न वाजवून गेली. वाईट मनानं नसेल, तोंडात बसलेली ओळ ती. पण दोन-चार जण फिसकन हसले. मेलेल्या माणसासमोर! रेवतीनं वळून पाहिलं. ती गप्प झाली ती झालीच, बापाला नेलं तरी तिनं हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या रडण्याचा व्हिडिओ मागे ढोलाचा ठेका लावून फिरत होता. ही पोरगी बापाच्या मयतीतही जाहिरात करते, असंही लोकांनी लिहिलं. ते वाचून मी दिवसभर जेवले नाही.

तेरवी झाली आणि मामा म्हणाला, अकोल्याचा कार्यक्रम आधीच ठरलेला आहे, पोस्टर लागलीत. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. त्याचं एकच, करार आहे. रेवतीनं मला फोन केला, तुमी तं अकोल्याच्याच, संगं चाला. गेले.

मैदान तुडुंब भरलेलं. ती स्टेजवर आली तसा काहून, काहून असा गजर झाला. वाद्यं सुरू झाली. तिनं "गेली गेली" एवढंच म्हटलं आणि माइक लोकांपुढे धरला. अख्खं मैदान गाऊ लागलं, मले टाकून काहून गेली. नाचत, शिट्ट्या मारत, मुलांना खांद्यावर घेऊन. ती माइक धरून उभी, गाणं संपेपर्यंत. लोकांना वाटलं, ही तिची अदाच आहे. मी कडेला उभी राहून पदर तोंडात कोंबला.

खाली उतरली. मी जवळ घेतलं तर अंग लाकडासारखं. म्हणाली, "त्यायनं सारं म्हनून टाकलं मॅडम. माह्यापाशी रडाले शब्दच नाई ठेवला."

त्यानंतर ती स्टेजवर चढली नाही. मामा भांडला, कंपनीनं नोटीस धाडली, मग कंपनीला दुसरी कोणी मुलगी सापडली आणि लोक हिला विसरूनही गेले. जूनमध्ये रेवती माझ्या क्लासला परत आली. स्कार्फ बांधून, शेवटच्या बाकावर.

परवा फळ्यावर भिंगाची आकृती काढली. सांगताना एक पायरी मी मुद्दाम गाळली, खडू खाली ठेवला आणि वाट पाहिली. मागून हात वर आला.

"मॅडम, हे असं का?"

उच्चार स्वच्छ, अगदी पुस्तकी. कोणी हसलं नाही. मी गाळलेली पायरी समजावून सांगितली. तिनं मान हलवली आणि उतरवून घेतलं. मला मात्र कोणी काही विचारल्यासारखं वाटलंच नाही.