लाईन गेल्यावरचा स्पीड

त्या वर्षी मी घड्याळ वेगवान करत होतो. एवढंच सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून नीट सांगतो. कॉम्प्युटरच्या मूळ यंत्रणेचा अगदी आतला गाभा म्हणजे कर्नल. कोणत्याही प्रोग्रामला वेळ हवी असेल तर त्याने कर्नलकडे जाऊन विचारायचं. जसं आपण बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीशी उभं राहतो, आतला साहेब मान वर करतो, मग सांगतो. एकदा ठीक आहे. पण काही प्रोग्राम सेकंदाला हजारो वेळा विचारतात. माझी युक्ती अशी होती: प्रोसेसरच्या पोटात एक आकडा असतो, तो त्याच्या प्रत्येक ठोक्याला एकाने वाढतो. प्रोग्रामने तोच परस्पर वाचायचा, सुरुवातीला एकदा मोजून ठेवलेल्या गतीने भागायचा, झाली वेळ. खिडकी नाही, साहेब नाही.

हे काम मी जगभरच्या लोकांनी मिळून चालवलेल्या एका फुकट यंत्रणेसाठी, फुकट, पांढरकवड्याच्या आमच्या घरातून करत होतो. पुण्याची नोकरी सोडून आलो होतो. शेतात दोन हंगाम कापसाने हात टेकले होते आणि घरात कोणाचा तरी पगार यावा असं सगळ्यांना वाटत होतं. पहिलं नाव अर्थात माझं निघालं. पण मी जगाला वेळ पुरवण्यात गुंतलेलो. मग वहिनीने झरीकडच्या एका आश्रमशाळेत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. त्यात एकच अडचण होती: कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगची परीक्षा. दहा मिनिटांचा उतारा, मिनिटाला तीस शब्द. त्याच्या खाली स्पीड आला की घरी.

सरावाचा प्रोग्राम मी एका दुपारी लिहून दिला. वेळ मोजायला त्यात माझंच नवं घड्याळ बसवलं. घरचंच आहे, म्हटलं, वापरू.

वहिनीचा स्पीड बावीसवर अडकला. पंधरा दिवस बावीस. मग एके दिवशी भर दुपारी भारनियमनात लाईन गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, आणि उतारा संपला तेव्हा पडद्यावर आलं, तेहतीस.

“भाऊजी, हे पाहा!” वहिनी ओरडली.

दुसऱ्या दिवशी लाईन होती, पुन्हा बावीस. तिसऱ्या दिवशी लाईन गेली, चौतीस. आता यावर घरात विचार सुरू झाला.

“टीव्ही बंद असते ना, म्हून,” भाऊ म्हणाला.

“पंख्याचा वारा डोक्शात शिरते,” आई म्हणाली. “मी पयलेच सांगतलं होतं.”

वहिनी म्हणाली, “मले तं वाटते, लाईन गेली का माह्ये बोटं मोकळे होतेत.”

आणि मी, ज्याने ते घड्याळ स्वतःच्या हाताने बनवलं होतं, मी सगळ्यांना एकाग्रतेवर भाषण दिलं. अंधाऱ्या खोलीत नजर पडद्यावरच राहते, मन भरकटत नाही, वगैरे. वहिनीने पाणीसुद्धा न पिता ऐकलं. उतारा जरा लांबल्यासारखा वाटतो, असं ती एकदा म्हणाली होती. मी म्हटलं, लाईन नसली की कोणालाही दहा मिनिटं लांबच वाटतात.

माझी श्रद्धा एवढी की संध्याकाळी लाईन आली तरी मी मेन स्विच पाडायला लागलो.

“आली लाईन बंद करते हे पोट्टं!” आई बाहेरून करवादली.

शेजारचे चाचा हायवेवर ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचे. ते टॉर्च घेऊन आले. “अरे भाई, आमच्याकडं तं लाईन चालू हाय. तुमचा फ्यूज उडला असन, पाहू का?”

“नाही चाचा, मीच बंद केली. वहिनीची परीक्षा हाय.”

चाचांनी टॉर्च माझ्या तोंडावर मारला. “परीक्षेसाठी लोक लाईट लावतेत, भाऊ.”

मी त्यांनाही एकाग्रता समजावली. ते टॉर्च विझवून गेले.

तेहतीस-चौतीस कायम यायला लागल्यावर वहिनीने सराव बंद केला. “आता कायले? तीसच तं पाह्यजे.” भावाने केळापूरच्या मामांपर्यंत बातमी पोचवली. परीक्षेला महिना होता.

त्याच आठवड्यात मी माझं काम त्या फुकट यंत्रणेच्या लोकांकडे तपासणीला पाठवलं. परदेशातल्या कोणी एकाने एका ओळीचा प्रश्न विचारला: प्रोसेसर बॅटरीवर असताना हे कसं चालतं? मी फुशारकीने उत्तर लिहायला बसलो, की आमच्या गावात बॅटरीशिवाय दुसरं असतंच काय, उत्तम चालतं, आमच्या वहिनीलाच विचारा. पण नुसत्या शब्दांपेक्षा आकडे बरे, म्हणून प्लग काढला आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मनगटावर पंधरा मिनिटं झाली. माझ्या घड्याळात दहा.

बॅटरी वाचवायला प्रोसेसर आपली चाल कमी करतो. ठोके मंदावले की तो आकडाही मंदावतो, आणि मी बिनधास्त जुन्याच गतीने भागत होतो. लाईन गेली की वहिनीला दहा मिनिटांच्या नावावर पंधरा मिळत होती. एकाग्रता वगैरे काही नव्हतं.

वहिनी अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी सांगितलं. तिचं सूप थांबलं.

“म्हंजे तेहतीस खोटे?”

“हो.”

“अन् बावीस?”

“ते खरे.”

ती डाळ पाखडून, डब्यात भरून, झाकण लावून मग आली. “त्या घड्याळाले उलटं करता येते का? दहा म्हणून आठच मिनटं द्यायची?”

येत होतं. एका आकड्याचा प्रश्न होता. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून चुकीचं घड्याळ बनवलं. वहिनी रोज दुपारी आणि संध्याकाळी त्याच्यापुढे बसायला लागली. पहिल्या दिवशी आला सतरा. भाऊ सांत्वन करायला गेला तर म्हणाली, “तुमी टीव्ही पाहा.” लाईन गेली की उठायची, आली की पुन्हा बसायची. मी मात्र प्लग लावलेला आहे ना, हे दहादा बघत होतो.

यवतमाळला परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेलो. बाहेर चहाच्या टपरीवर बसून मी तीन कप चहा प्यालो आणि चौथा सांडला. वहिनी बाहेर आली ती पदराने बोटं पुसत.

“काय झालं?”

“उतारा झाला अन् वेळ उरलीच होती. मले वाटलं, याह्यचंही घड्याळ बिघडलं. तं तशीच बसली हात बांधून.”

“स्पीड किती?”

“एकतीस,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता, “खरे.”

निवड झाल्याचं पत्र दिवाळीनंतर आलं. मी माझ्या कामात तपासणी घातली: प्रोसेसर चाल बदलू शकतो असं दिसलं की निमूटपणे खिडकीशी जाऊन साहेबाला विचारायचं. ते स्वीकारलं गेलं. वहिनी सोमवारी पहाटेच्या बसने झरीकडे गेली, आणि वेचणीला एक हात कमी पडला म्हणून आईने माझ्या कमरेला ओटी बांधली. दुपारपर्यंत माझ्या ओटीत कापसापेक्षा पाला जास्त होता. आई शेजारच्या तासातून, कापसाच्या ओळीतून, माझ्या पुढे निघून गेली, परत आली, आणि पुन्हा पुढे गेली.