फुलाच्या पोटातला ओलावा

माईचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर तिने कधी लावला नाही. आधी उजवा अंगठा जागा व्हायचा, मग बाकीची माई. अंगठ्याला भेग होती. झोपेत ती वाळून घट्ट व्हायची आणि मूठ उघडताना ताणायची. माई उशालगतची डबी चाचपायची, बोटभर मलम काढून भेगेत भरायची आणि हात छातीवर ठेवून पाच मिनिटं पडून राहायची. मलमाला पिकल्या सफरचंदाचा वास होता, त्यात थोडा उन्हात तापलेल्या गवताचा. त्या पाच मिनिटांत ती कुठे असायची हे तिलाही सांगता आलं नसतं. पलंगावर नसायची, एवढं खरं.

सहाला ती धुलाईखान्यात. दोन रुग्णालयं, तीन हॉटेलं आणि एक वसतिगृह यांचं कापड तिथे यायचं. माई रोलरवर होती. रोलर म्हणजे वाफेने तापवलेले लांब लोखंडी दंडगोल. दोघी बायकांनी ओली चादर दोन टोकांनी धरायची, झटकायची, काठ सरळ करून आत घालायची. तासाला नव्वद चादरी. सत्तावीस वर्षं. वाफ इतकी साठायची, की समोरची बाई कमरेपासून वर तेवढी दिसायची, खाली सगळा ढग. नवीन आलेल्या मुलींना याची गंमत वाटायची. संध्याकाळी पाय भरून आले की गंमत संपायची.

माईची मात्र सत्तावीस वर्षांतही पुरती संपली नव्हती. चादर झटकली की पांढरा वारा उठायचा. त्या वाऱ्यात ती अधूनमधून हरवायची. हात चालू, माई गैरहजर.

"माई, आलात का परत?" मुकादम विचारायचा. तो तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता.

"आले, दादा. चादर चुकली का एक तरी?"

चुकलेली नसायची. तो पुढच्या रोलरकडे वळायचा.

त्या मलमाची फुलंही धुलाईखान्यातूनच आलेली. एकदा हॉटेलच्या उशीच्या अभ्र्यात कुणा पाहुण्याची राहून गेलेली पिशवी सापडली. वीतभर लांब, मऊ, डोळ्यांवर ठेवून पडायची. चिठ्ठीवर लिहिलं होतं, कॅमोमाइलची फुलं, शांत झोपेसाठी. माईने ती मुकादमाकडे जमा केली. सहा महिने कुणी मागायला आलं नाही, तेव्हा मुकादम म्हणाला, "घेऊन जा, माई. माझ्या खणाला उगाच झोप येते."

घरी माई आणि तिची धाकटी नणंद, दोघीच. माईचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. नणंदेने लग्न केलंच नव्हतं. ती शिवणकाम करायची. तिने पिशवीची शिवण उसवली, तशा शिवता याव्यात म्हणून माप घेतलं, आत जवस आणि चुरगळलेली फुलं निघाली ती माईच्या ओंजळीत ओतली. माईने फुलांचा चुरा मागच्या अंगणात भुरभुरला. काही मनात धरून नव्हे. टाकवेना म्हणून. थंडी सरताना तिथे हिरवी झालर आली. मग बटणाएवढी फुलं, मधे पिवळी घुमटी, भोवती पांढऱ्या पाकळ्या. पाच वर्षांत पंधरा हात लांबीचा पट्टा झाला.

माई स्वतःच शिकत गेली. फुलं सुकवायची, बरणीत घालायची, वर बदामाचं तेल, फुलं पुरती बुडतील इतकं. तोंडाला फडकं. चार आठवडे खिडकीत, रोज एकदा हलवायचं. मग मलमलीतून गाळायचं, पिळायचं. पाच वाट्या तेलाला एक वाटी मधमाश्यांचं मेण घालून मंद आचेवर विरघळवलं की मलम. तेलच हवं असेल तर बाटलीत. पन्नास मिलिलिटरच्या बाटलीला पावणेतीनशे फुलं लागतात. माईने मोजली होती. धुलाईखान्यातल्या निम्म्या बायकांच्या हाताला तिचं मलम असायचं, फुकट. त्यांचे हात काही नव्याने उगवले नाहीत. पण जेवणाच्या सुट्टीत हाताला मलम लावून बसलेल्या बायका पाच मिनिटं भांडत नसत. मुकादमाला तेवढंही खूप होतं.

मग पार्लरवाली आली. नणंदेकडे ती कामाचे डगले शिवायला टाकायची. माप देता देता तिला वास आला.

"हे काय आहे हो?"

"वहिनीचं खूळ," नणंद तोंडातली टाचणी न काढता म्हणाली. "कामावर दहा तास धुते, घरी येऊन फुलांच्या मागे लागते."

पार्लरवालीने मनगटावर तेल चोळलं, हुंगलं, पुन्हा चोळलं. पार्लरच्या मागे ती एक नवी खोली काढत होती. मंद दिवा, गाद्या, मालिश, डोळ्यांवर पिशव्या. खोली सहा आठवड्यांनी उघडायची होती.

"चाळीस बाटल्या द्या मला त्या दिवशी. आवडलं लोकांना, तर दर महिन्याला चाळीस."

दर महिन्याला चाळीस. माईने मनातल्या मनात आकडा फिरवून पाहिला. तेवढ्यात दोघींचं घर चालत होतं. म्हणजे रोलरला रामराम. गुडघ्यांना रामराम. त्या दिवशी धुलाईखान्यात ती तीनदा हरवली. चादरीच्या वाऱ्यात तिला अंगण दिसत होतं, आणि अंगणात सकाळी दहा वाजता बसलेली ती स्वतः. सकाळी दहाचं अंगण तिने रविवार सोडून कधी पाहिलं नव्हतं.

घोडं अडलं ते वेळेपाशी. फुलं खुडायची ती दव उडाल्यावर, दहा-अकराच्या उन्हात. तेव्हा माई रोलरवर. सुकवायची ती सावलीत, वाऱ्यावर, सात ते नऊ दिवस, आणि दिवसातून दोनदा वरखाली करायची. तेल मुरायला चार आठवडे. गाळायला, निवळायला आणखी तीन-चार दिवस. सहा आठवड्यांत बसत होतं, पण अंगाशी घट्ट.

"मी खुडते की," नणंद म्हणाली.

"तू देठासकट खुडतेस."

"मग तुझी बोटं ठेवून जा घरी, आणि तू जा नुसती कामावर."

शेवटी माईने पहाटे खुडायला घेतलं, पाच ते साडेपाच, दव असताना. बोटांच्या फटीत देठ धरायचा आणि हात वर ओढायचा. फूल तळव्यात, देठ जागेवर. अर्ध्या तासात दीड हजार. ओल्या अंधारात तो वास अंगावर यायचा, पापण्या जड व्हायच्या. एकदा ती पट्ट्याच्या कडेला बसल्या बसल्या डुलली. तिला वाटलं, आपण चादर धरून उभ्या आहोत आणि समोरून दुसरं टोक धरायला कुणी येतच नाही, नुसतं पांढरं पसरत चाललंय. भीती वाटली नाही. बरं वाटलं. मग नणंदेने खिडकीतून हाक मारली, "वहिनी, पावणेसहाची गाडी तुझ्यासाठी थांबायची नाही!"

खुडण्यातच आठवडा गेला, नऊ दिवस सुकवायला नव्हते. धुलाईखान्यात सुकवणीची खोली होती, गरम हवा फिरणारी. शनिवारी दुपारी काम थांबलं तरी ती सोमवारपर्यंत कोमट राहायची. सत्तावीस वर्षांत माईने मुकादमाकडे पहिल्यांदा काही मागितलं.

"फुलं?" तो म्हणाला. "ठेवा. पण सोमवारी रुग्णालयाच्या टॉवेलांना तुमच्या पार्लरचा वास आला, तर मी तुम्हाला ओळखत नाही."

सोमवारी सहाला माईने सगळ्यांत आधी फुलांची ताटं पाहिली. हात आपोआप पुढे गेला आणि दोन बोटांनी पाकळी चाचपली. कागदासारखी वाजली. सुकलं.

इथे चूक झाली. ती चूक रोलरवरच्या बाईच्याच हातून व्हावी अशी होती. चादर सुकली की नाही हे काठावरून कळतं. काठ दुमडून शिवलेला असतो, दुप्पट जाड, सगळ्यात शेवटी तो सुकतो. म्हणून काठ चाचपायचा. काठ कोरडा तर चादर कोरडी, मधे बघायची गरजच नाही. माईच्या बोटांना सत्तावीस वर्षं हेच ठाऊक. घरी नऊ दिवस फुलं सुकायची तेव्हा काठ बघा की मध्य बघा, सगळं कोरडंच असायचं, म्हणून चूक कधी उघडी पडली नाही. पण फुलाचं गणित उलटं असतं. काठ पातळ, पोट जाड. गरम खोलीने पाकळ्या दीड दिवसात कुरकुरीत केल्या आणि पिवळ्या घुमटीत पाणी तसंच राहिलं.

दोन मोठ्या बरण्या भरल्या. तेल ओतलं. पहिला आठवडा सोनेरी गेला. माई कामावरून आली की बरणी उन्हाकडे धरायची, आणि फुलं आत तरंगत सावकाश फिरायची. पाहता पाहता ती भूक विसरायची. नणंद म्हणायची, "जेव आधी. बरणी पळून जात नाही."

अठराव्या दिवशी तेल धुरकट दिसलं. काठाशी बारीक बुडबुडे. माईने फडकं काढलं. सफरचंद होतं, पण त्याखाली आंबूस काहीतरी. तिने एक फूल बाहेर काढलं, नखाने घुमटी फोडली. आत ओलं होतं, करडी बुरशी होती.

नणंद आली, वाकली, हुंगून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "थोडं अत्तर घातलं तर? कळणार आहे का कुणाला?"

"लोकांच्या तोंडाला लावणार ती."

"म्हणूनच विचारलं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

दोघींनी मिळून बरण्या रिकाम्या केल्या. दोन लिटर बदामाचं तेल. ओतायला माईने फार वेळ घेतला. घरात गेल्या वर्षीच्या, सावलीत नऊ दिवस सुकवलेल्या फुलांच्या तेलाची एक लहान बरणी होती. तिच्यातून अकरा बाटल्या निघाल्या. धुलाईखान्यातल्या बायकांच्या मलमाचं तेल होतं ते.

पार्लरच्या मागच्या खोलीला नुकताच रंग दिलेला. मंद दिवा लागला होता, गाद्यांवर अजून प्लास्टिक होतं. माईने अकरा बाटल्या मांडल्या आणि झालं ते सांगितलं, पहाटेच्या दवापासून घुमटीपर्यंत.

"अकरा?" पार्लरवाली म्हणाली. "उरलेल्या एकोणतिसांच्या पाठीला मी काय लावू? तुमची गोष्ट?"

"दुकानातलं घ्या. मुलींना हातात दोन थेंब घेऊन आधी वास बघायला सांगा. आंबूस आला की परत करा. तेवढं मी शिकवून जाते."

पार्लरवालीने कपाळावर हात मारला. मग एक बाटली उघडली, हुंगली, आणि तिचा आवाज उतरला. "हे असं वर्षभर का नाही होत हो? महिन्याला चाळीस, मी शब्द फिरवत नाही. काम सोडा ना ते."

हाच प्रश्न होता. इतके दिवस माई त्याच्याच स्वप्नात वावरली होती. तिने खोलीभर नजर फिरवली. महिन्याला चाळीस बाटल्या म्हणजे पुन्हा पहाटेची ओली फुलं आणि गरम खोली. फुलं तर वर्षातून सहाच आठवडे येतात, तेवढ्यात वर्षभराचं खुडायचं. अंगणात दुसरा रोलर बसवायचा, एवढंच.

"नाही जमणार," ती म्हणाली. "वर्षातून एकदा देईन. फुलं येतील तेव्हा, होतील तेवढ्या."

"अशाने घर चालतं का?"

"घर धुलाईखान्यावर चालतं."

पार्लरवाली हसली. अकराचे पैसे दिले. पाठवणी करताना दारातून म्हणाली, "पुढच्या वर्षी मला आधी, हं. नणंदबाईंना सांगा, डोळ्यांवरच्या वीस पिशव्या मात्र आत्ताच हव्यात."

माई परत रोलरवर गेली. तासाला नव्वद. वाफ तीच, गुडघे तेच. बायकांना वर्षभर मलम मिळणार नाही हे तिने स्वतः सांगितलं. एकीने टोमणा मारला, "म्हणजे यंदा भांडायला मोकळ्या." पगार झाला की माई थोडे पैसे बाजूला काढायची. नणंदेला वाटलं, गुडघ्यांचं औषध. मुकादमाला वाटलं, नवा पंखा.

पुढच्या वर्षी फुलं धरली तेव्हा ती अर्ज घेऊन मुकादमासमोर उभी राहिली. नऊ दिवस, बिनपगारी.

"आजारी आहात?"

"नाही."

"घरी लग्नबिग्न?"

"नणंद आता कसली करते! फुलं सुकवायची आहेत."

मुकादमाने पेन खाली ठेवलं, परत उचललं. "कारणाच्या रकान्यात 'फुलं' कसं लिहू, माई? वरचे मला वेड्यात काढतील."

"मग 'घरकाम' लिहा. ते कुणी वाचत नाही."

आता ती सकाळी दहाला अंगणात असते. दव उडालेलं असतं, पट्ट्यावर माश्या घुमत असतात. तासभर खुडते, थांबते, पाठ ताठ करते. घराच्या आतल्या बाजूला, उत्तरेच्या खिडकीखाली ताटं मांडलेली आहेत. दुपारी ती त्यांच्या शेजारी चटईवर आडवी होते. वारा ताटांवरून जातो आणि तिच्या तोंडावरून. पलीकडे नणंदेचं शिवणयंत्र चालतं, थांबतं, चालतं. माईला झोप लागते आणि लागत नाही. मधेच ती उठते, फुलं वरखाली करते, परत आडवी होते. घाई कुणालाच नाही, फुलांनाही नाही.

"काय गं, किती लागले या नऊ दिवसांना?" नणंद यंत्रावरून विचारते.

"अकरा महिने," माई डोळे न उघडता म्हणते.

रोलरवरच्या अकरा महिन्यांच्या पगारातून थोडं थोडं काढून तिने हे नऊ दिवस विकत घेतले.