पाच निळे पासपोर्ट

फ्लोरा, आधी तू गेलीस. ठाण्याच्या आपल्या बिल्डिंगसमोरून दोन मॅटॅडोर सहार विमानतळाकडे निघाल्या. एकीत तुमचं सामान होतं आणि दुसरीत तुम्हाला पोचवायला निघालेली आम्ही सगळी. तुझ्या बाबांनी ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं 'अश्दोद, इस्राएल' असं मराठीत लिहिलं होतं आणि खाली इंग्रजीत. सारामावशीनं, म्हणजे तुझ्या आईनं, पोह्यांची पिशवी मांडीवर धरली होती, तिकडे पोहे मिळाले नाहीत तर प्रार्थनेच्या मलिद्याचं काय म्हणून. माझी आई म्हणाली, "त्यांना त्यांचा देश मिळतोय, आपण रडायचं नाही," आणि सगळ्यांत आधी तीच रडली. तू आत गेलीस ती मागे वळून न बघता. चौदा वर्षांची होते मी. काचेला नाक लावून उभी राहिले आणि घरी येईपर्यंत तुझ्यावर चिडलेली होते. राग धरून बसायची माझी सवय तेव्हापासूनची.

मी निघाले ती पंचवीस वर्षांनी, २०१० साली. तेव्हा विमानतळावर कुणी फारसं रडलं नाही. दादा बॅगा वजनकाट्यावर ठेवत होता, आई म्हणाली, "पोचलीस की मिस्ड कॉल दे." नवरा आधीच सिंगापूरला होता, ईशा आठ वर्षांची होती आणि माझ्या हातात जुरोंग आयलंडवरच्या एका रासायनिक कारखान्याचं नेमणूकपत्र होतं. इथं आल्यावर क्लेमेंटीला भाड्यानं फ्लॅट घेतला, सकाळी कंपनीची बस, गळ्यात पास. सगळं वेळेवर, सगळं स्वच्छ. पहिलं वर्ष मला हे सगळं इतकं आवडलं की ठाण्याच्या फोनवर मी जरा जास्तच बोलायची. दादानं एकदा ऐकवलं, "पुरे आता तुझं सिंगापूर."

इथल्या आपल्या लोकांची एक रीत आहे. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की दोन दिवस शहर, एक दिवस ईस्ट कोस्टची हवा आणि मग पूल ओलांडून मलाक्का. पाहुण्याला घरी जाऊन दोन देश बघितले असं सांगता यायला हवं. त्यासाठी यजमानानं पाहुण्याचा मलेशियाचा व्हिसा काढून ठेवायचा. फोटो, बँकेचे कागद, परतीचं तिकीट, एक फोटो मोठा झाला म्हणून परत हेलपाटा. सासूबाई, दीर, मामेबहीण, सगळ्यांचे कागद मी केलेत. आपला भारतीय पासपोर्ट हातात घेऊन रांगेत उभं राहिलं की खिडकीपलीकडचा माणूस ज्या नजरेनं बघतो ती मला पाठ आहे. कुठलाही परदेशी पासपोर्ट म्हणजे सगळी दारं उघडी, हे डोक्यात बसलं ते त्या रांगांमध्येच.

तू कळवलंस, डिसेंबरात मावशीला घेऊन येते. साल २०१४. जुलै-ऑगस्टमधलं गाझाचं युद्ध होऊन चार महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत माझा फोन धगधगत होता. दादा रोज सकाळी गुड मॉर्निंगसारखे इस्राएलचे कौतुक करणारे मेसेज पाठवायचा, असा धडा शिकवायला हवा, हे खरे मर्द वगैरे. तुम्ही समोरच्या दारात राहत होता, त्याला पोहायला तुझ्या बाबांनी शिकवलं होतं. पण अश्दोदला सारामावशी कशी आहे हे त्यानं एकदाही विचारलं नाही. दुसरीकडे कारखान्यात रोहाना. मलय, माझ्याच विभागातली, रोज माझ्यासमोर बसून जेवणारी. ती रोज फोनवर गाझातल्या मुलांचे फोटो बघायची आणि डबा न संपवता बंद करायची. मी दादाला अंगठा पाठवायची आणि रोहानासमोर मान हलवायची. दिल्लीही तेच करत होती, एकाकडून शस्त्रखरेदी आणि दुसऱ्याला सहानुभूती. सिंगापूर तर त्यातलं मुरलेलं. बसमध्ये एक म्हातारे चिनी इंजिनीअर सांगायचे की देश नवा होता तेव्हा सैन्य उभं करायला इस्राएली सल्लागार आणले होते, आणि शेजारच्या मुसलमान देशांना कळू नये म्हणून हे मेक्सिकोचे लोक आहेत असं सांगत. आम्ही हसलो होतो. मीही हसले होते.

तुम्ही आलात. मावशीनं चांगी विमानतळावर माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "किती गं वाळलीस बाय!" माझं वजन तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलो होतं. तुझं मराठी पंच्याऐंशी साली जिथं थांबलं तिथंच होतं, 'झक्कास' आणि 'एकदम फर्स्ट क्लास' असं तू अजून म्हणत होतीस. दोन दिवस आपण खरंच मजेत होतो. तिसऱ्या दिवशी ईस्ट कोस्टला, समुद्राकडे तोंड करून काडीवर भाजलेलं चिकन, साते, खात असताना, तू सांगायला लागलीस. रॉकेटचा भोंगा वाजला की पंचेचाळीस सेकंद. तेवढ्यात मावशीला उठवून सिमेंटच्या सुरक्षित खोलीत न्यायचं, तिचे गुडघे असे. तुझा मुलगा, एकवीस वर्षांचा, सैन्याबरोबर गाझात होता आणि सतरा दिवस त्याचा आवाज नाही. मी साते खात राहिले. तू म्हणालीस, "तू काहीच बोलत नाहीस."

"काय बोलू?"

"तिथल्या लोकांचे फोटो बघून तुम्ही सगळे बोलता. माझ्यासाठी कुणाला शब्द सुचत नाही."

मला शब्द सुचत होते, फ्लोरा. तुझ्या खोलीला सिमेंटच्या भिंती आहेत, गाझातल्या मुलांना पंचेचाळीस सेकंदांनी काय फरक पडणार, ते कुठं पळणार, हे सगळं जिभेवर होतं. पाहुणी आहेस म्हणून गिळलं. ईशा मध्येच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट चेंज द टॉपिक लाह," आणि मी तेच केलं. मलाक्काचं काढलं. तू विचारलंस, "मलेशियाला आम्हाला चालतं का?" मी म्हटलं, "अगं, सगळे जातात. मी बघितलंय सगळं, तू फक्त बॅग भर."

मी काहीही बघितलं नव्हतं. आम्हा तिघांचे, नवऱ्याचा, ईशाचा आणि माझा, व्हिसा होते. तुमचे परदेशी पासपोर्ट, मनात आलं, चला, या वेळी कागद नाहीत, फोटो नाहीत, सुटले बाई. थोडा हेवाही वाटला. खरं सांगते, तुझ्याकडे बघून 'इस्राएल' असं माझ्या मनात येतच नव्हतं. माझ्या लेखी तू समोरच्या दारातली. रोहानानं विचारलं होतं, "पाहुणे कुठले?" मी म्हटलं, "ठाण्याचे. मुंबईजवळ." तिनं मोठ्या हौसेनं आपल्या मेहुण्याची व्हॅन ठरवून दिली आणि मलाक्काला तिच्या बहिणीकडे दुपारचं जेवण. स्वतः आदल्या दिवशीच पुढे गेली, बहिणीला मदत करायला.

तुआसच्या पुलावर गाडीतून उतरावं लागत नाही. सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून खिडकीतून द्यायचे. मी नेहमीसारखे पाचही एकत्र करून रबरबँड लावला. आमचे निळे, तुमचेही निळे. सिंगापूरच्या बाजूच्या मुलीनं वर बघून विचारलं, "मलेशियाला जाताय?" मी हसले. हा पूल दुसरीकडे कुठं जातो? आज वाटतं, ती बिचारी मला सांगत होती.

मलेशियाच्या खिडकीतल्या माणसानं आमच्या तिघांच्या पासपोर्टांवर शिक्के मारले आणि उरलेले दोन हातात धरून बसला. मग त्यानं वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठ सभ्य होता, आवाज चढवला नाही, उद्धटपणा केला नाही. गृहखात्याची खास परवानगी असल्याशिवाय या पासपोर्टावर प्रवेश नाही, एवढंच तो दोनदा म्हणाला. आमचा व्हॅनवाला मागे वळून तुमच्याकडे बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या मलेशियन पासपोर्टात छापलेलं असतं, सर्व देशांसाठी वैध, इस्राएल सोडून. जन्मात पहिल्यांदा मी व्हिसा असलेली होते आणि समोरचा परदेशी पासपोर्ट परत येत होता. क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

व्हॅन वळवली. पुलावर परत फिरताना तू बोलायला लागलीस. "तू मुद्दाम केलंस. काल बोलता आलं नाही ते आज दाखवलंस." मी विसरले म्हटलं, शप्पथ घेतली. तू म्हणालीस, "मी कोण आहे ते विसरलीस?" मग माझाही बांध फुटला. काल गिळलेलं सगळं बाहेर आलं, सिमेंटच्या भिंती, ती मुलं, तुझा मुलगा तिथं काय करत होता ते विचार म्हणाले. तुझा मुलगा, फ्लोरा. ज्याला मी बघितलंही नव्हतं. तू म्हणालीस, घरात बसून दुसऱ्याच्या युद्धावर मत देणारी भेकड आहेस तू. मावशी मधल्या सीटवर होती, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. ती फक्त म्हणाली, "बायांनो, मला लघवीला लागलीय."

तेवढ्यात रोहानाचा फोन. कुठपर्यंत आलात, भात टाकू का? मी इंग्रजीत म्हटलं, "सॉरी, ऑन्टी नॉट वेल. आम्ही परत चाललोय." फोन ठेवला आणि तुझा चेहरा बघितला. आधीच्या सगळ्या भांडणाचा राग त्यापुढे काहीच नव्हता. "माझं नाव घ्यायची लाज वाटते तुला," तू म्हणालीस. "त्या माणसानं निदान तोंडावर सांगितलं."

सोमवारी रोहानानं माझ्या हातात केळीच्या पानात बांधलेल्या गुळाच्या ढेपा ठेवल्या. मलाक्काचा गूळ, आजारी ऑन्टीसाठी. मी घरी आणला. मावशीनं वास घेतला आणि त्याच संध्याकाळी मलिदा केला, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, तो गूळ, वर फळं. एलियाहू हन्नावीचं, तुमच्या प्रेषिताचं, नाव घेऊन प्रार्थना म्हटली आणि सगळ्यांच्या हातावर वाटा दिला. तुला कळलं होतं गूळ कुणाचा. तू हात पुढे केला नाहीस. दुसऱ्या दिवशी चांगीवर तू आत गेलीस, मागे वळून न बघता. मावशी मात्र वळली, तीन वेळा.

रोहानाला मी खरं सांगितलं ते वर्षभरानं, जेवताना. वाटलं होतं ती तुझ्यावर रागावेल. ती माझ्यावर रागावली. "तुला वाटलं, मी एका म्हाताऱ्या बाईला जेवू घालणार नाही? हा निर्णय तू माझ्या वतीनं घेतलास?" डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. अजून तिथंच बसते. दोघींना सांभाळायला निघाले आणि दोघी गमावल्या.

तू चार वर्षं गप्प होतीस आणि २०१८ मध्ये एक ओळ आली: 'आई आता उठत नाही. तुझी आठवण काढते.' मी कंपनीत रजेचा अर्ज लिहिला. त्याच आठवड्यात आखातातल्या एका प्रकल्पावर मला पाठवायचं ठरत होतं. कुणीतरी बसमध्ये म्हणालं, पासपोर्टावर इस्राएलचा शिक्का असला तर तिकडचे लोक दारातूनच परत पाठवतात. मला माहीत होतं, फ्लोरा, की इस्राएलवाले आता शिक्का मारत नाहीत, वेगळा कागद देतात. माझ्यासारखीला पाहुण्यांचे कागद करून करून हे सगळं पाठ झालेलं असतं. तरी मी तो अर्ज पाठवला नाही. तुला लिहिलं, 'काम आहे, पुढच्या महिन्यात बघते.' तेविसाव्या दिवशी मावशी गेली. आखाताचा प्रकल्प रद्द झाला.

त्यानंतर तू लिहिलं नाहीस, आणि लिहूही नकोस. पण इतकी वर्षं मी त्या पुलाची गोष्ट सांगताना दोष त्या खिडकीवर टाकत आले. कुआलालंपूर, जेरुसलेम, दिल्ली, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. त्यांना काय करायचं ते करोत. तुला मलाक्काच्या वाटेवरून एका माणसानं परत पाठवलं. मला अश्दोदच्या वाटेवर कुणीही अडवलं नव्हतं. मी घरातल्या घरात रबरबँड सोडून माझा पासपोर्ट कपाटात ठेवला.

आता ठाण्याची ती बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहिलाय. आई दादाकडे पुण्याला आहे. क्लेमेंटीचा फ्लॅट भाड्याचा आहे. घर कुठं, असं ईशा विचारते तेव्हा मी काहीतरी सांगते. पण खरं म्हणजे जिथं माझं भांडण अर्धं राहिलंय, तेच मला घर वाटतं. तुझ्याकडे यायला मे महिन्याचं तिकीट काढलंय, इस्तंबूलवरून. तुझा मुलगा गाझात काय करत होता, हा प्रश्न मी परत विचारणार आहे आणि उत्तर पूर्ण ऐकणार आहे. मलाक्काचा गूळ आणतेय, या वेळी मीच विकत घेतलेला. मलिदा मला येत नाही. मावशीनं तुला शिकवला असेल. तू चिडलेलीच राहा, मीही चिडलेलीच येतेय, फक्त पोहे भिजत घाल.