तिसरी अट

संगणकापुढे बसण्याआधी तो दोन्ही तळवे पँटला पुसायचा. चपला टेबलाखाली काढून ठेवायचा. टेबलाच्या डाव्या कडेवर एक थाप मारायचा, मग उजव्या कडेवर एक. मैदानात गोलच्या खांबांना मारायचा, तशीच. चहा बशीत ओतायचा आणि विसरून जायचा. एन्टरचं बटण असं दाबायचा की शेजारचा दचकावा.

शेजारी मी बसायचो.

शाहबाजभाई आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. गुडघा गेला आणि खेळ सुटला. दिवसा तो शाहूपुरीत पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून द्यायचा. संध्याकाळी तिथल्याच कोडिंगच्या क्लासला यायचा. मी मराठीत बी.ए. केलं होतं, नोकरीसाठी शिकत होतो. त्याला नोकरी नको होती. त्याला एकच प्रोग्राम लिहायचा होता. सामन्यांचे निकाल भरले की कोणत्या संघाचे किती गुण झाले, ते दाखवणारा. तालमीच्या फळ्यावर खडूने मांडलेल्या गुणांवरून दर हंगामात भांडणं व्हायची. यंदा पहिल्या सामन्याआधी दारात स्क्रीन लावतो, असं तो पोरांना सांगून बसला होता.

क्लासचे विजयसिंह सर प्रत्येकाचा प्रोग्राम भिंतीवर मोठा करून सगळ्यांसमोर तपासायचे. शाहबाजभाईची पाळी आली. सरांनी एक-एक गोलने सुटलेला सामना भरला. भिंतीवर उत्तर आलं. दोन्ही संघ हरले. दोघांना शून्य गुण.

"बरोबरीला किती गुण असत्यात?" सरांनी विचारलं.

"एक एक, सर."

"मग शून्य का?"

"आमच्या पेठेत बरोबरी म्हंजे हरल्यागतच की. पोरं त्या दिवशी जेवत न्हाईत."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"मशीन तुमच्या पेठेत जन्मलेलं न्हाय. तू जिंकलो लिहिलंस, आणि उरलेलं सगळं हरलो. तिसरी अट कुठं हाय? हे बाद. पुसून टाक आणि पुन्यांदा लिही."

शाहबाजभाईने मान हलवली. "आणि काय चुकलंय, सर?"

सरांनी आणखी बरंच सांगितलं. तो ऐकत राहिला.

जिना उतरताना मीच चिडलो होतो. "एवढं तोडून बोलायची काय गरज होती?"

"मास्तर, ग्राउंडवर लोक आयमाय काढत्यात. सर नुसत्या चुका काढत्यात. सोपं हाय की." तो मला मास्तरच म्हणायचा. दोन पायऱ्या उतरून तो थांबला, गुडघ्यावर हात ठेवून.

"खरं सांगू? ती तिसरी अट मला म्हाईत हुती. लिहायला हात जाईना."

का, ते मला ठाऊक होतं. पेठेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला होता. शेवटच्या मिनिटाला गुडघा मुडपला आणि चेंडू त्याच्या हाताखालून गेला.

"लिहितो पण," तो म्हणाला. "सर म्हंत्यात ते बरोबर हाय. एक गुण तर मिळालाच हुता की आमाला. कुणी मोजला न्हाय."

त्याने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. शनिवारी जिंकल्याची अट चालली. हरल्याचीही चालली. सर मागे उभे राहून बघत होते. "हां," एवढंच म्हणाले. शाहबाजभाईचे कान लाल झाले.

"उरलेलं सोमवारी," तो मला म्हणाला.

रविवारी सकाळी तो मैदानात लहान पोरांना चेंडू अडवायला शिकवत होता. पोरं सांगतात, त्याने डाव्या खांबावर थाप मारली. मग छातीवर हात ठेवून तिथंच बसला. उजव्या खांबापर्यंत गेलाच नाही.

मी अजून क्लासला जातो. त्याच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. परवा कुणाची तरी पिशवी त्याच्या टेबलाला धडकली. एक थाप. मी दुसरीची वाट बघत राहिलो. तास संपेपर्यंत.

काल सरांनी त्याचा प्रोग्राम भिंतीवर लावला. चालवून पाहिला. चालला नाही. अट लिहायची आणि तिच्याखाली काय करायचं ते रिकामं ठेवायचं, हे मशीनला चालत नाही. ते तिथंच अडतं आणि ओळ दाखवतं.

पुढच्या आठवड्यात पहिला सामना आहे. तालमीच्या दारात पोरांनी स्क्रीन टांगून ठेवला आहे.

भिंतीवर त्याची शेवटची ओळ होती. दोन्ही संघांचे गोल सारखे झाले तर. तिच्याखाली चार जागा सोडून कर्सर लुकलुकत होता.