खांबच्या पुढचं वळण

पेणच्या स्टँडवरून रोह्याची बस सुटली आणि मी खिडकीशी बसून चक्क हसत सुटले. दोन वर्षं पुण्याच्या ऑफिसात ही बस मला फक्त निळा ठिपका म्हणून दिसायची. प्रत्येक बस आपला ठावठिकाणा क्लाउडवर, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकांवर, पाठवते. त्या नोंदींवरून ती कुठे केव्हा पोचेल हे आमचा प्रोग्रॅम सांगतो. आज मी त्या ठिपक्यात बसले होते!

काम मात्र गंभीर होतं. खांब गाव सोडल्यावर, थांबा नसलेल्या एका वळणावर ही बस रोज सात मिनिटं उभी राहायची. संगणकाने त्याला 'अडथळा' ठरवलं होतं. बस नागोठण्याहूनच खिंडीतून सरळ रोह्याला न्यावी, असा अहवाल तयार होता. सही माझी व्हायची होती; त्याआधी ते वळण स्वतः बघायला मी निघाले होते.

पेणला घेतलेले तळलेले पोह्याचे पापड वडखळ येईपर्यंत संपले. नागोठणं मागे पडलं. कापलेल्या भातशेतांत वाल हिरवागार पसरला होता.

वळणावर बस थांबली. पाच-सहा बाया वालाच्या शेंगांची पोती घेऊन उभ्या होत्या. मी उतरून हात लावायला गेले आणि पोत्याचं तोंडच सुटलं. शेंगा रस्ताभर!

"धर गो, धर!" पोत्याच्या मालकीण कमळाबाई ओरडल्या. अख्खी बस खाली उतरली. कंडक्टरही ओंजळीने शेंगा भरू लागले. तेवढ्यात ऑफिसातून नेहाचा फोन.

"अगं, तुझी बस लाल दिसतेय. मोठा अडथळा आहे का?"

"आहे ना. मीच!" मला हसू आवरेना.

बसमध्ये कमळाबाईंनी शेजारी बसवून पोपटी (मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या शेंगा) हातावर ठेवली. मी विचारलं, "ही बस इकडून आलीच नाही तर?"

"तर आमचा बाजार नाय. रिक्षावाला पोती बघून थांबत नाय. आनि सुकलेली शेंग कोन घेतो गो?"

माझं हसू थांबलं. रोह्याला मी पोती उतरवू लागले, तेव्हाच माझं ठरलं.

परतीच्या बसमध्येच मी खिंडीची शिफारस खोडली आणि त्या वळणावर रीतसर थांबा मांडला. ऑफिसातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पोटभर हसले आणि मान्य केलं. बस खांबवरूनच जाते. सात मिनिटं आता वेळापत्रकात धरलेली आहेत.

दोन वर्षांच्या नोंदी आमच्याकडे होत्या, पण तिथे कोण चढतं हे कुणी विचारलं नव्हतं. आता नकाशावर कुठलाही ठिपका उगाच थांबलेला दिसला, की मला ऑफिसात बसवत नाही.