बीजेचा पगार

डाळ मिलचा शेठ पगार तारखेला देत नसे, तिथीला देत असे. शुद्ध द्वितीया, म्हणजे बीज. अमावास्येनंतर चंद्राची कोर दिसते त्या दिवशी गोदामाच्या ओट्यावर गादी टाकून तो बसे आणि डाळ निवडणाऱ्या बायका एकेक करून पुढे जात. कोर वाढते तशी लक्ष्मी वाढते, असा त्याचा ठाम समज. जळगावात तेव्हा डाळ मिली पुष्कळ आणि प्रत्येक शेठची तऱ्हा वेगळी, याची ही. बायकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उपास तिथीनं, सण तिथीनं, मग पगार तेवढा इंग्रजी तारखेनं कशाला?

वावगं वाटलं ते सरकारला. आणि ते निस्तरता निस्तरता माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

त्या बायकांमध्ये माझी सख्खी मावशी होती. आमचं आजोळ शिरपूरकडचं, त्यामुळे ती शेवटपर्यंत अहिराणीच बोलली. लग्न होऊन फैजपूरला गेली, मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर वारला. मग काही वर्षं दिराच्या घरी काढली. केळीची बाग, माणसांनी भरलेलं घर, आणि त्या भरल्या घरात सकाळच्या चुलीपासून रात्रीच्या खरकट्यापर्यंत राबणारी ही एकटी. वर 'आम्ही तुला सांभाळतो' हे रोज ऐकायचं! एक दिवस ती पिशवी उचलून एस.टी.त बसली आणि जळगावला आली. पिंप्राळ्यात पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली. माझ्या वडिलांनी तिला धुळ्याला आमच्याकडे बोलावलं, तर म्हणाली, दिराच्या दारातून उठून मेव्हण्याच्या दारात बसायचं, एवढाच ना फरक? मी कॉलेजसाठी जळगावला आले ती तिच्याच खोलीवर राहायला. खोलीची कडी आतून लावता येते, याचंच तिला केवढं अप्रूप होतं.

निराधार बायकांना सरकार महिन्याला थोडे पैसे देई. पोस्टमन मनीऑर्डर आणून देई. मिलच्या मजुरीत मावशीचं पोट भागे आणि मनीऑर्डरीत खोलीचं भाडं. दोन्हींपैकी एक थांबलं की खोली गेली, आणि खोली गेली की फैजपूर. इतकं ते सरळ होतं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या एका जानेवारीपर्यंत ते नीट चाललंही.

त्या जानेवारीत पौषाची बीज महिना लागता लागता आली आणि माघाची बीज महिना संपता संपता. म्हणजे एकाच इंग्रजी महिन्यात दोन पगार. नेमकी त्याच महिन्याची चौकशी निघाली. मिलच्या मुनीमजींनी विचारलं ते खरं सांगून टाकलं, आणि मनीऑर्डर बंद!

मी तणतणत तहसील कचेरीत गेले. तिथले कारकून शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या मावशीनं जानेवारीत दोनदा पगार घेतलाय. महिन्याचं उत्पन्न गुणिले बारा. मर्यादेच्या बाहेर जातं."

"अहो साहेब, एक पौषाचा आणि एक माघाचा!"

"आम्हाला पौष-माघ नाही. आम्हाला जानेवारी."

हे बोलताना त्यांनी डबा उघडला. डब्यात साबुदाण्याची खिचडी, कारण त्या दिवशी संकष्टी. मागच्या भिंतीवर तिथीवार छापलेली दिनदर्शिका, तिच्यावर चतुर्थीला गोल केलेला. स्वतःच्या पोटाला तिथी कळते या माणसाला, दुसऱ्याच्या पोटाची कळत नाही! माझं टाळकंच सरकलं.

"मग फेब्रुवारीला गुणा ना बारानं," मी म्हटलं. "फेब्रुवारीत बीजच नाही. पुढची बीज एकदम मार्च लागल्यावर. म्हणजे हा अख्खा महिना पगार नाही. करा गुणाकार!"

"चौकशी जानेवारीची आहे. जास्त शहाणपणा नको. फेब्रुवारीत उत्पन्न नाही म्हणता, तर नव्यानं अर्ज करा. नव्यानं चौकशी होईल."

केला बाई नव्यानं अर्ज. रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सगळ्याची पुन्हा जुळवाजुळव. नवरा मेल्याचं एकदा सिद्ध केलं होतं, तो मधल्या काळात परत आला की काय अशी यांना शंका असावी. मावशी मात्र निवांत. "व्हई जाई सगळं," म्हणायची आणि भाकरी थापत बसायची. तिच्या त्या निवांतपणाचाही मला संताप यायचा.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. पण जिथं थांबायला हवं तिथं ही मंडळी घाई करतात. चौकशी उन्हाळा सरेपर्यंत लांबती तर काय बिघडलं असतं? पण छे! मार्च संपता संपता कोतवाल निरोप घेऊन आला की एक एप्रिलला तलाठी भाऊसाहेब येतील आणि मार्च महिन्याची मिळकत विचारतील. मी दिनदर्शिका उघडली. फाल्गुनाची बीज मार्च लागताच होऊन गेली होती. गुढीपाडवा तीस तारखेला. म्हणजे चैत्राची बीज एकतीस मार्चला. पुन्हा एका महिन्यात दोन पगार! मधला कोरडा फेब्रुवारी कुणाच्या खिजगणतीतही नव्हता.

पण आता मला उपाय सुचला होता. चैत्राचा पगार मावशीनं बीजेला न घेता दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा. एक एप्रिल लागला की झालं. मी मिलवर गेले, शेठला समजावलं. तो आधी ऐकेचना. "बीज सोडून पैसे द्यायचे? तेही वर्षाच्या पहिल्या बीजेला?" मी हात जोडले, मावशीच्या खोलीचं सांगितलं. शेवटी त्यानं मान डोलावली. "ठीक आहे. तिला म्हणावं रांगेत येऊ नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ये." मावशीलाही मी चार-चारदा बजावलं. तिनं चार-चारदा 'हा' म्हटलं.

बीजेच्या संध्याकाळी ती घरी आली. पदराच्या गाठीतून नोटा काढल्या आणि देवापुढे ठेवल्या. वरच्या नोटेला कुंकू लावलेलं.

"मावशी! हे काय केलंस?"

"बठ्ठ्या बाया रांगमा व्हत्या," ती म्हणाली. "शेठनी मनं नाव लिधं, कुकू लायं, मी हात पुढे करा. वरीसनी पहिली बीज. लक्ष्मीले नही म्हनू का मी?"

म्हणजे दोघांनीही माती खाल्ली. शेठनं सवयीनं नाव पुकारलं आणि हिनं सवयीनं हात पुढे केला. कुंकू लावलेले पैसे पहिल्या बीजेला परत करायचे, हे त्या ओट्यावर कुणाच्याही हातून झालं नसतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी तोंडाला येईल ते बोलले. लक्ष्मी घेतलीस आणि घर घालवलंस, इथपर्यंत बोलले. मग मीच थोडी नरमले आणि म्हटलं, उद्या तलाठ्यांना सांग, पगार अजून व्हायचाय. एक शब्द खोटा, बास.

दुसऱ्या दिवशी तलाठी आले. माणूस खरंच भला. पाणी प्याले, खोली पाहिली, त्यांना सगळं उमगलं असावं. कारण त्यांनी प्रश्न विचारला तोच जणू उत्तर हातात देऊन. "अक्का, हा पगार आजच झाला ना तुमचा? नीट आठवून सांगा."

मी मावशीकडे डोळे वटारले. तिनं नीट आठवलं.

"नही भाऊसाहेब, कालच व्हई गया. बीज काल व्हती ना!"

तलाठ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी आणखी एकदा विचारून पाहिलं, तेव्हा मावशी त्यांनाच समजावू लागली की पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बीज येते, आज तर तीज आहे. अर्ज नामंजूर झाला.

घरमालक शिवणकाम करणारे चाचा होते. तोवर त्यांनी भाड्याचा शब्द काढला नव्हता. पण त्यांच्याही घरात खाणारी तोंडं होती, आणि खोलीसाठी दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. मी शिकवण्या धरल्या, वडिलांनी जमेल तेवढे पाठवले. उन्हाळ्यापुरतं ठिगळ लागलं, पुढे नाही. मग दीर आला. स्वतःच आला न्यायला, वर मलाच म्हणाला, "आम्ही कधी नाही म्हटलं होतं का?" मावशीनं खोली झाडून काढली, किल्ली चाचांच्या हातात दिली आणि त्याच्या मागून चालू लागली. मी वसतिगृहात गेले.

दिवाळीच्या सुटीत मी फैजपूरला गेले. मागच्या अंगणात मावशी केळी कापणाऱ्या मजुरांच्या भाकरी थापत होती. खूप वाळली होती. बोलता बोलता म्हणाली की मनीऑर्डर सुरू झाली. मी चाटच पडले. दिरानं तिकडे अर्ज केला, तिकडचा तलाठी आला, त्यानं पगार किती म्हणून विचारलं, आणि एका फेरीत काम झालं. पोस्टमन दर महिन्याला येतो, मावशी अंगठा देते, नोटा दीर मोजून घेतो.

मला रडूच कोसळलं. इतके हेलपाटे घालून जे झालं नाही, ते असं झालं! मी रडतेय ते मनीऑर्डर पुन्हा बंद पडेल या काळजीनं, असं तिला वाटलं असावं. तव्यावरची भाकरी उलटवत ती माझी समजूत घालू लागली.

"आते घोळ नही व्हस, पोरी. माले पगारच नही शे, मंग तारीख कसानी?"