वायरवरचा ओला टॉवेल

मला हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या बिनतारी संचावरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचा नाद. अंबडच्या आमच्या गच्चीवर लहरींच्या प्रत्येक पट्ट्यासाठी, म्हणजे बँडसाठी, वेगळा अँटेना लावायला जागा नव्हती. म्हणून मी एकच लांब वायर निवडली. बँड बदलला की ट्यूनरचं बटण फिरवायचं, बस. वायरचं एक टोक लोखंडी पाइपावर उंच बांधलं. दुसरं मात्र कठड्यापर्यंत खाली आणावं लागलं.

इतकी हाताशी आलेली वायर बायकोनं मोकळी सोडली असती तरच नवल. तिनं त्यावर ओले कपडे टाकले की रेडिओवर बोलताबोलता माझ्या समोरच्या मीटरचा काटा उडायचा. मी खोलीचं दार उघडून ओरडायचो, "ती काय वाळवणाची दोरी हाये का? शॉक लागंल!"

एकदा तीही भडकली. "आतून कडी लावता, कानाला ते डबडं. हाका मारून मारून घसा बसला माझा. काटा हलला की कसे बराबर बाहेर येता!"

मंग तेच अंगवळणी पडून गेलं. ताट वाढलं की ती गच्चीत जाऊन वायरवर ओला टॉवेल टाकायची, आणि मी चरफडत जेवायला यायचो.

ती आजारपणात गेली. पाहुणे पांगल्यावर एका सकाळी मी पुन्हा रेडिओ लावला. केरळातला एक जुना हॅमवाला दोस्त म्हणाला, "आज तुमचा सिग्नल एकदम स्थिर आहे. अँटेना बदलला का?"

मी नाही म्हणालो आणि बोलत राहिलो. दुपार टळून गेली, तरी काटा जागचा हलला नाही.